नवस, कृपा आणि मंडळीची जबाबदारी

नवसाविषयी ख्रिस्ती मंडळीत जी प्रवचने होतात त्यांचा आशय बहुधा एकच असतो: केलेला नवस मोडू नये. नवस करून तो न फेडण्यापेक्षा मुळीच न केलेला बरा, हा उपदेशक या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील इशारा वाचला जातो, न फेडणाऱ्यावर येणाऱ्या देवाच्या रागाचे वर्णन होते, आणि प्रवचन संपताना त्याच व्यासपीठावरून नवे नवस मागितले जातात. रोज पहाटे तासभर प्रार्थना कोण करील, अमुक रक्कम कोण देईल, आपले मूल सेवेसाठी कोण वाहील, त्यांनी हात वर करावेत. मुळीच न केलेला बरा, हा त्या वचनातील सल्ला मात्र ऐकूनही कोणी ऐकलेला नसतो. माझे म्हणणे असे आहे की ख्रिस्ती माणसाला नवसापासून असलेला मोठा धोका तो मोडण्यात नाही. तो नवस करताना मनात जे घडते त्यात आहे, आणि पुष्कळदा नवस यथासांग फेडण्यातही आहे. म्हणून मंडळीने लोकांकडून नवस मागणे थांबवावे, आणि आधीच अडकलेल्यांना सोडवण्याची जी जबाबदारी तिने केव्हाच टाकून दिली आहे ती पुन्हा उचलावी.

पवित्र शास्त्र नवसाला मनाई करते असे मी म्हणत नाही, कारण ते खरे नाही. हन्नाने नवस केला आणि शमुवेल जन्मला. स्तोत्रकर्ता देवाच्या लोकांसमक्ष आपले नवस फेडतो. गणना या पुस्तकाचा सहावा अध्याय नाजीराच्या, म्हणजे देवाला विशेष वाहून घेतलेल्या माणसाच्या, नवसाचे नियम सांगतो, आणि स्वतः पौलाने नवसाकरता किंख्रियात केस कापले होते, ही नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. हे सर्व मान्य करूनही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. नियमशास्त्राने नवसाचे नियम दिले, पण नवस करण्याची आज्ञा दिली नाही. उलट अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, तू नवस केला नाहीस तर तुला पाप लागणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि प्रेषितांच्या पत्रांत कोणत्याही मंडळीला नवस करण्याचा आदेश सापडत नाही. करिंथकरांनी गरीब बांधवांसाठी वर्गणी देण्याचे आधीच कबूल केले होते, तरीही त्यांना लिहिताना पौल म्हणतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, नाखुशीने किंवा भाग पडले म्हणून देऊ नये. दिलेल्या शब्दाची आठवण करून देतानाही दडपण येऊ नये याची जो इतकी काळजी घेतो, त्याच्या नावाने आज सभेत हात मोजले जावेत हे विचित्रच आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशू शपथेविषयी बोलतो. शपथ आणि नवस या अगदी एकच गोष्टी नाहीत, आणि त्या वचनांच्या आधारे नवसावर सरसकट बंदी घालणे कदाचित अतिरेकाचे होईल. पण तेथे त्याने दिलेले कारण नवसालाही तंतोतंत लागू पडते: तुला आपल्या डोक्याचा एक केसही पांढरा किंवा काळा करता येत नाही. जो उद्याच्या आपल्या शरीराचाही धनी नाही तो उद्याच्या आपल्या इच्छाशक्तीचा धनी असल्यासारखा बोलतो, आणि तेही देवाला साक्षी ठेवून, ही त्यातली मूळ विसंगती आहे. याकोबही आपल्या पत्रात तेच सांगतो. अमुक नगरात जाऊ, वर्षभर व्यापार करू, असे म्हणणाऱ्यांना तो 'प्रभूची इच्छा असेल तर' असे म्हणायला शिकवतो. या शब्दांना नवसात जागा उरत नाही, कारण अटळपणा हाच तर नवसाचा प्राण असतो.

या विषयावर इफ्ताहाची गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण तिच्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ सहसा वगळली जाते. शास्तेच्या अकराव्या अध्यायात अम्मोनी लोकांशी लढायला निघालेला इफ्ताह असा नवस करतो की विजयी होऊन परत आल्यावर माझ्या घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते परमेश्वराचे होईल, त्याचा मी होम करीन. परत येताना डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. पण या नवसाच्या आदल्याच वचनात असे लिहिले आहे की परमेश्वराचा आत्मा इफ्ताहावर आला. म्हणजे जे लागणार होते ते नवसाआधीच मिळालेले होते. देवाने काहीही मागितले नव्हते, कोणतीही अट घातली नव्हती; मिळालेल्या देणगीवर भरवसा न बसल्यामुळे माणसाने आपणहून किंमत देऊ केली, आणि ती दुसऱ्याच्या जिवातून मोजली. नवसामागे मोठा विश्वास असतो असे आपण समजतो. इफ्ताहाच्या बाबतीत नवसामागे अविश्वास होता, आणि माझ्या मते बहुतेक नवसांच्या बाबतीत कमी-अधिक प्रमाणात तेच असते: देव आपल्या बाजूचा आहे यावर मन ठरत नाही, म्हणून त्याला काहीतरी देऊन बांधून घ्यावेसे वाटते.

त्या मुलीचा खरोखर बळी दिला गेला की तिला आजन्म कुमारी ठेवले गेले, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. वादाचा निकाल कसाही लागला तरी पुढचा प्रश्न उरतोच: त्यातून सुटका नव्हती का? होती. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात अविचाराने तोंडून गेलेल्या शपथेसाठी पापकबुली आणि अर्पण सांगितले आहे, आणि ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे, तेही न जमल्यास थोडे पीठ आणावे, इतकी सवलत आहे. सत्ताविसाव्या अध्यायात तर नवसाने वाहिलेल्या माणसाचे मोल शेकेलांत ठरवून दिले आहे, आणि ज्याला तेही देणे शक्य नाही त्याच्या ऐपतीप्रमाणे याजकाने ते ठरवावे असे म्हटले आहे. मग इफ्ताह याजकाकडे का गेला नाही? यहुदी रब्बींच्या परंपरेत याचे एक कडवट उत्तर आहे. इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाचा सेनानायक, मी फीनहासाकडे कशाला जाऊ? फीनहास म्हणाला, मी महायाजक, मी त्या अडाण्याकडे कशाला जाऊ? दोघांच्या मानापमानात मुलगी गेली. शास्त्रपाठात हे संभाषण नाही, पण रब्बींनी दुखऱ्या जागी अचूक बोट ठेवले आहे. मी परमेश्वराला शब्द दिला आहे, आता मला माघार घेता येत नाही, असे इफ्ताह म्हणतो तेव्हा ती निष्ठा वाटते. प्रत्यक्षात त्यात देवाच्या दयेपेक्षा स्वतःच्या शब्दाला वरचे स्थान मिळालेले असते.

शौल राजाचेही तेच झाले. संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित, असे त्याने लढाईच्या दिवशी सैन्याला शपथेने बांधले, आणि ज्याच्या कानी ती शपथ पडलीच नव्हती त्या योनाथानाने थोडा मध चाखला. बाप मुलाला मारायला निघाला. तेथे लोक आडवे आले आणि त्यांनी योनाथानाला सोडवले, म्हणून तो वाचला. इफ्ताहाच्या मुलीसाठी असे आडवे यायला कोणी नव्हते. मंडळी नेमकी कशासाठी असते, हे या दोन प्रसंगांतील फरकावरून समजते.

आता फेडलेल्या नवसाकडे वळू, कारण त्याविषयी फार कमी बोलले जाते. नवस मोडलेल्या माणसाला आपण पापी आहोत हे निदान कळते. ज्याने नवस काटेकोरपणे फेडला त्याच्यापुढे दुसरेच संकट असते. त्याने मागितले ते मिळाले, तर ते आपल्या नवसामुळे मिळाले असे तो मनोमन धरून चालतो, आणि साक्ष देताना तसेच सांगतो. ऐकणारे त्यातून हिशेब शिकतात: इतके उपवास केले की इतके मिळते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. त्याच्या बोलण्यात काहीच खोटे नाही, त्याने सारे पाळलेले आहे, आणि नेमक्या त्या पाळण्याच्या बळावर तो शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराला तुच्छ लेखतो. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याच्याजवळ दाखवायला एकही पाळलेली गोष्ट नव्हती.

आणि मागितलेले मिळाले नाही तर? आजारी मुलासाठी आईने नवस केला, कसोशीने पाळला, आणि मूल गेले. अशा आईपुढे दोनच निष्कर्ष उरतात: देवाने करार मोडला, किंवा माझ्याच पाळण्यात काही उणे राहिले. पहिल्या निष्कर्षाने विश्वास जातो. दुसऱ्याने विश्वास राहतो, पण तो एका निर्दय सावकारावरचा विश्वास होऊन राहतो, आणि ती आई उरलेले आयुष्य कोणत्या दिवशी आपला उपवास चुकला होता हे आठवण्यात घालवते. दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत, कारण करार कधी झालाच नव्हता. देवाने त्यावर सही केलेली नव्हती. पण हे तिला नंतर सांगून उपयोग होत नाही. ज्यांनी तिच्याकडून नवस घेतला त्यांनी ते आधी सांगायला हवे होते.

भीतीपोटी केलेल्या नवसाचे सर्वांत परिचित उदाहरण ख्रिस्ती इतिहासातच आहे. २ जुलै १५०५ रोजी स्टॉटर्नहाइम गावाजवळ वादळात वीज जवळच पडली तेव्हा मार्टिन ल्यूथर नावाच्या कायद्याच्या तरुण विद्यार्थ्याने संत अ‍ॅनाचा धावा करून संन्यासी होण्याचा नवस केला, आणि त्याच महिन्यात तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. वडील संतापले. १५०७ साली ल्यूथरने पहिली मिस्सा अर्पण केली त्या प्रसंगीही, तो वादळातील अनुभव म्हणजे सैतानाची भुरळ नसावी म्हणजे झाले, असे त्यांनी त्याला सुनावले आणि आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेची आठवण दिली. पुढे १५२१ साली ल्यूथरने संन्यासाच्या नवसांवर एक ग्रंथ लिहिला व तो वडिलांनाच अर्पण केला. आपला नवस मृत्यूच्या दहशतीने वेढलेला, भाग पाडलेला होता, हे त्याने त्यात कबूल केले. मठात असताना तो नियमांत ढिला नव्हता, उलट इतरांपेक्षा कडक होता, आणि तरीही त्याच्या मनाला शांती नव्हती. त्याच्या पुढच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असण्याची गरज नाही. पण नवस पाळूनही जीव कसा पोळतो, याविषयी त्याच्याइतक्या अधिकाराने बोलू शकणारे थोडेच आहेत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. माणसाची इच्छाशक्ती दुबळी असते. नवस तिला आधार देतो. दारू, जुगार, व्यभिचार यांतून नवसाच्या जोरावर बाहेर पडलेली माणसे आपण पाहतो. हे खरे आहे. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे फादर थिओबॉल्ड मॅथ्यू यांनी दारू सोडण्याच्या प्रतिज्ञेची मोहीम सुरू केली, लाखो लोकांनी ती प्रतिज्ञा घेतली, आणि अनेक घरे त्यामुळे सावरली. पण मॅथ्यू यांच्या पश्चात ती लाट टिकली नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेने वेगळी वाट धरली: तिची पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली आहे, आणि तेथे जन्माची शपथ घ्यायला लावत नाहीत, आजचा दिवस न पिता काढायला सांगतात. दुबळ्या इच्छेला आधार हवा, हे दोन्हीकडे मान्य आहे. फरक इतकाच की एकीकडे त्या दुबळ्या इच्छेकडूनच आयुष्यभराची हमी घेतली जाते आणि दुसरीकडे तिचा दुबळेपणा गृहीत धरून शेजारी माणसे बसवली जातात. मला दुसरी वाट अधिक ख्रिस्ती वाटते.

तरुणांच्या बाबतीत तर पुरावा आणखी बोलका आहे. १९९३ साली अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांतून 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम सुरू झाली आणि किशोरवयीन मुलामुलींनी लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या प्रतिज्ञापत्रांवर मोठ्या संख्येने सह्या केल्या. अशा प्रतिज्ञा केलेल्या अमेरिकी तरुणांची तुलना, प्रतिज्ञा न केलेल्या पण इतर बाबतींत त्यांच्यासारख्याच असलेल्या तरुणांशी करणारे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांच्या लैंगिक वर्तनात फरक आढळला नाही, आणि प्रतिज्ञा केलेल्यांपैकी ८२ टक्के तरुणांनी आपण अशी प्रतिज्ञा केलीच नव्हती असे सांगितले. हा आकडा मला वर्तनाच्या आकड्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. नवस मोडलेला माणूस देवाकडे क्षमा मागायला येऊ शकतो. नवस केलाच नव्हता असे स्वतःला पटवलेला माणूस कशाची क्षमा मागणार? शुद्धतेचा आग्रह चुकीचा होता असे मी म्हणत नाही. ज्या वयात माणूस स्वतःला पुरता ओळखत नाही त्या वयात, मित्रमैत्रिणींच्या गर्दीत, सगळे सही करत असताना घेतलेली प्रतिज्ञा ही मुक्त मनाची कृती नसते, एवढाच माझा मुद्दा आहे.

पैशाच्या नवसांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. रॉबर्ट टिल्टन या अमेरिकी प्रचारकाने दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांकडे हजार डॉलरचे नवस मागितले, आणि त्या बदल्यात देव त्यांना भरभराट देईल असे सांगितले. त्याचे अनुकरण करणारे आजही सापडतात. येशूने याच्या मुळावर केव्हाच घाव घातला आहे. आईबापांच्या पोषणाचा पैसा कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेला, असे जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना मार्कच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. औषधाचा, शाळेचा किंवा कर्जफेडीचा पैसा नवसात घेणाऱ्या मंडळीने तो अध्याय सभेत मोठ्याने वाचून दाखवावा.

मग लग्नातील वचने, बाप्तिस्म्याच्या वेळची कबुली, दीक्षेच्या वेळची वचने यांचे काय? त्यांना मी या आक्षेपात धरत नाही. त्या वचनांचा आशय मंडळीने पूर्वीच ठरवलेला असतो, त्याआधी तयारीचा काळ असतो, समोर साक्षीदार असतात, आणि लग्नात तर वचन प्रत्यक्ष एका माणसाला दिलेले असते, जो त्या वचनावर विसंबून आपले आयुष्य उभे करतो. देवाकडून काही मिळवण्यासाठी एकट्याने, घाईने किंवा भावनेच्या भरात लावलेली ती बोली नसते. कॅथलिक संन्याशांच्या व्रतांपूर्वीही नवशिक्याचा आणि तात्पुरत्या व्रतांचा काळ ठेवलेला असतो. ज्यांना ती व्रते मान्य नाहीत त्यांनीही हा सावधपणा उचलावा.

सुटकेच्या प्रश्नावर, ज्या परंपरा एरवी एकमेकींशी भांडतात त्या आश्चर्यकारकरीत्या जवळ येतात. कॅथलिक ख्रिस्तसभेची १९८३ ची धर्मसंहिता अन्यायकारक भीतीमुळे किंवा फसवणुकीमुळे केलेला नवस रद्दबातल मानते, आणि खासगी नवसातून मुक्त करण्याचा अधिकार धर्मगुरूलाही देते. सतराव्या शतकातील प्रॉटेस्टंट वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली सांगते की वचनाने निषिद्ध केलेल्या, कर्तव्याच्या आड येणाऱ्या, किंवा स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या आणि देवाने ज्यासाठी सामर्थ्याचे वचन दिलेले नाही अशा गोष्टीचा नवस कोणी करू नये. मिश्ना हा यहुदी नियमांचा प्राचीन संग्रहही दबावाखाली किंवा चुकीच्या समजुतीने केलेल्या नवसांतून सुटका देतो. ज्या मंडळ्यांत नवस सर्वांत अधिक मागितले जातात, त्या स्वतंत्र मंडळ्यांत मात्र सुटकेची कोणतीच सोय नसते. जो पाळक शेकडो माणसांकडून नवस घेतो, त्याच्याकडे त्यांपैकी एखादा 'मला हे झेपत नाही' म्हणून परत आला तर द्यायला त्याच्याजवळ धमकीखेरीज काही नसते. ही उधळपट्टी आणि ही कंजुषी एकाच ठिकाणी नांदावी, याला मी पाळकाचे कर्तव्य टाळणे म्हणतो.

पेत्राशी येशू कसा वागला ते येथे मार्गदर्शक ठरावे. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, तुझ्याबरोबर मरावे लागले तरी तुला नाकारणार नाही, असे पेत्र येशूच्या अटकेच्या रात्री म्हणाला होता. त्यात इतरांशी केलेली तुलनाही होती. काही तासांत त्याने नाकारले, आणि तेही शपथ घेऊन. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी येशू त्याला पुन्हा कधी नाकारणार नाहीस ना, असे विचारत नाही, मोडलेल्या शब्दाचा दंड मागत नाही, नवा शब्दही घेत नाही. माझ्यावर प्रेम करतोस का, असे तीनदा विचारतो आणि मेंढरे सांभाळायला देतो. ज्याला प्रार्थनेची, दानाची किंवा संयमाची शिस्त हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी: ठरावीक मुदतीसाठी, एखाद्या शहाण्या बांधवाला किंवा भगिनीला सांगून, मोडली तर पुन्हा सुरू करता येईल अशी. तिला देवापुढची अट बनवण्याचे कारण नाही.

एका प्रकारच्या नवसाबाबत मंडळीने आजच, स्पष्ट शब्दांत निर्णय द्यावा. आईवडिलांनी मूल पोटात असताना किंवा आजारी असताना ते सेवेसाठी वाहिले, आणि ते मूल मोठे होऊन शिक्षक, परिचारिका किंवा सुतार होऊ पाहते. घरात मग कोणतेही संकट आले की न फेडलेल्या नवसाकडे बोट दाखवले जाते. येथे हन्नाचा दाखला दिला जातो, पण तो अर्धाच दिला जातो. हन्नाने शमुवेलाला मंदिरात नेऊन सोडले, तरी तो संदेष्टा झाला तो आईच्या नवसाने झाला नाही. परमेश्वराने रात्री त्याला त्याच्या नावाने हाक मारली आणि त्याने स्वतः उत्तर दिले. वर उल्लेख केलेल्या धर्मसंहितेचा एक नियम असा आहे की नवस स्वभावतःच तो करणाऱ्याला बांधतो, दुसऱ्या कोणाला नाही. हा नियम सर्वच मंडळ्यांनी आपला मानावा, आणि दुसऱ्याच्या नवसाचे ओझे वाहत आलेल्या प्रत्येक तरुणाला पाळकाने तो समोर बसवून, आईवडिलांच्या देखत सांगावा.